'असेल'चा सराव

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची 'प्रेतेरितो पेर्फेक्तो दे सुब्खुंतीबो' या रूपाशी गाठ पडते, तेव्हा त्याच्या हाती प्रथम एक यादी पडते. इच्छा, शंका, नकार, भावना दर्शवणारे क्रियापद आले आणि पाठोपाठ 'के' आले, की पुढे 'आया, आयास, आयामोस, आयान' यांतले योग्य रूप घालावे व त्याला भूतकालवाचक धातुसाधित जोडावे. मग पाने भरून रिकाम्या जागा. यादी खोटी नाही. पण तिच्यावर पोसलेला विद्यार्थी रिकामी जागा अचूक भरतो आणि बोलताना मात्र थबकतो. आमच्या मते दोष सरावाच्या या रीतीत आहे.

मराठी व्याकरणात क्रियापदाच्या या अंगाला 'अर्थ' असेच नाव आहे: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. प्रश्न केवळ रूपाचा नसून बोलणारा विधानाची जबाबदारी कितपत घेतो याचा आहे, हे त्या नावातच सुचवलेले आहे. 'क्रेओ के आ येगादो' म्हणजे 'तो पोचला आहे असे मला वाटते'. नकार आला की 'नो क्रेओ के आया येगादो': 'तो पोचला असेल असे मला वाटत नाही'. 'आहे'चे 'असेल' होते, तसेच 'आ'चे 'आया'. 'बुस्को आ आल्ग्येन के आया लेइदो एल किखोते', ज्याने 'किखोते' वाचली असेल असा कोणीतरी मी शोधतो आहे. असा कोणी सापडेलच याची हमी नाही. इथवर मराठी कान पुरेसा आहे, आणि वर्गात त्याचा उपयोग कोणी करून घेत नाही याचे आम्हांला नवल वाटते.

खरी अडचण पुढे आहे. 'मे आलेग्रो दे के आयास बेनिदो': तू आलास याचा मला आनंद वाटतो. पाहुणा तर समोर उभा आहे! 'हे रूप अनिश्चिततेचे' ही वर्गात सर्रास दिली जाणारी व्याख्या इथे कोलमडते. येणे निश्चितच आहे. पण वाक्य ती बातमी देत नाही, सांगतो आहोत तो आनंद. येणे गृहीत धरून मागे सारले जाते. मराठी इथे सरळ 'आलास' म्हणून मोकळी होते, म्हणून सरावाचा भर याच जागी हवा. 'क्वान्दो आयास तेर्मिनादो' हे तसेच दुसरे स्थळ. आपण 'तुझे झाले की' असे म्हणून भविष्यातल्या गोष्टीलाही भूतकाळी रूप वापरतो.

रूपांचे म्हणाल तर, 'आली असेल', 'आले असतील' या सवयीने आपले विद्यार्थी 'आयान बेनिदास' लिहितात. 'आया'च्या सोबतीचे धातुसाधित लिंगवचनाने बदलत नाही, सर्वांना 'बेनिदो'च. 'एस्क्रितो', 'बिस्तो', 'एचो', 'दिचो', 'रोतो' ही अनियमित मंडळी पाठच करावी लागतात. तिथे तत्त्वज्ञान नको.

आमची सूचना साधी आहे. वाक्य एकच ठेवावे, 'ती सुखरूप पोचली आहे', आणि केवळ त्याचे तोंड बदलत जावे: मला वाटते, मला वाटत नाही, मला आनंद आहे. प्रत्येक वेळी विद्यार्थ्याने आधी मराठीत काय बदलले ते सांगावे, मग स्पॅनिश रूप. शेवटी अरबीतून आलेले 'ओखाला' घ्यावे: 'ओखाला आया येगादो ब्येन'. पोचणे किंवा न पोचणे एव्हाना घडून गेलेले आहे, आपल्याला ते ठाऊक नाही, तरीही इच्छा करतो आहोत. मराठीत याला कोण 'पोचली असू दे' म्हणेल, कोण 'पोचली असावी म्हणजे झाले'. त्या दोहोंतला फरक वर्गाला सांगू द्यावा.