गिअरबॉक्स पाहावा घेऊन

सप्टेंबर उजाडला की आपल्या मंडळातल्या फोनांचा विषय बदलतो. गणपतीच्या कार्यक्रमात कोणाच्या मुलाला कोणते काम मिळाले हा प्रश्न मागे पडतो आणि "तुमच्या मुलीच्या टीमने मोटर कोणती घेतली हो?" हा पुढे येतो. 'फर्स्ट टेक चॅलेंज'चा नवा खेळ सप्टेंबरात जाहीर होतो आणि सातवी ते बारावीची पोरे घरोघरच्या गराजमध्ये रोबो जोडायला बसतात. डीन केमन यांनी १९८९ साली न्यू हॅम्पशायरमध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली. १९९२ सालची पहिली स्पर्धा एका शाळेच्या जिममध्ये झाली, संघ होते २८. आता आमच्या ओळखीत असे घर विरळाच, जिथे सोफ्याखाली झाडू घातला की षट्कोनी पाना निघत नाही.

आम्ही पडलो इंजिनिअर, त्यातून इथली मास्टर्सची पदवी घेतलेले. तेव्हा फोन आमच्याकडे येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: "सगळ्यात ताकदवान मोटर कोणती?" आमचे उत्तरही ठरलेले: मोटरचे राहू द्या, गिअरबॉक्सचे बोला.

छोटी मोटर जात्याच उतावळी. मिनिटाला ६००० फेरे मारील, पण अंगात जोर बेताचा. गिअरबॉक्स तिचा वेग घेतो आणि बदल्यात जोर देतो. २०:१ चा लावला की ६००० चे ३०० फेरे होतात आणि जोर होतो वीसपटीच्या जवळपास. 'जवळपास' अशासाठी, की दातेरी चाकांची प्रत्येक जोडी घर्षणापायी आपली दलाली कापून घेते. आणि आत गेली त्याहून जास्त पॉवर बाहेर येत नाही, मग कंपनी कोणतीही असो.

आता हा वीसचा आकडा आला कुठून? तो मोटरकडून नाही, चाकाकडून आला. चाक चार इंची घेतले तर त्याचा परीघ साडेबारा इंच, म्हणजे एका फेऱ्यात रोबो फूटभर पुढे. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला पाच. स्पर्धेचे मैदान बारा फूट बाय बारा फूट, म्हणजे या टोकाहून त्या टोकाला अडीच सेकंदांत, ओझे असले तर तीन-साडेतीन. अडीच मिनिटांच्या खेळात हे उत्तम. याहून वेगवान केला तर चालवणाऱ्या पोराला आवरत नाही, भिंतीवर जाऊन आपटतो. हा हिशेब मुलांना कागदावर करू द्यावा. बाबांनी स्प्रेडशीट उघडू नये, ही हात जोडून विनंती.

खोक्यावर जोराचा जो आकडा छापतात, तो मोटर अडकून पूर्ण थांबते त्या क्षणाचा असतो. त्या अवस्थेत ती फार वेळ राहिली तर जळक्या वार्निशचा वास येतो. म्हणून सतत करायच्या कामाला छापील आकड्याचा एक चतुर्थांशच आपला समजावा. पगारातून टॅक्स, इन्शुरन्स वजा जाता हातात काय येते हे आपल्याला माहीत आहे, तसेच हे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळातल्या काही मुलींच्या टीमचे जे झाले, ते आम्ही प्रेक्षकांत बसून पाहिले. त्यांच्या रोबोला उचलायचा हात होता, अर्धा मीटर लांब. टोकाला एक किलो वजन धरले तर सांध्याशी जोर लागतो ५० किलो-सेंटिमीटर. कोणा काकांनी सल्ला दिला, "मोठा आकडा तो भला." त्याप्रमाणे मुलींनी स्वस्तातला, साध्या गिअरांचा, जबरदस्त रेशोचा गिअरबॉक्स थेट सांध्यावर बसवला. गराजमध्ये हात सुरेख उचलला जाई. दुसऱ्या मॅचला समोरच्या रोबोची धडक त्या वर केलेल्या हाताला बसली, 'कट्ट' आवाज झाला आणि हात लोंबायला लागला. चार महिन्यांचे शनिवार-रविवार! उरलेल्या मॅचेस पोरींनी नुसता ढकलगाडीसारखा रोबो फिरवून काढल्या, पण मैदान सोडले नाही.

झाले काय, तर धक्का जातो त्याच वाटेने उलटा. १२ किलोच्या रोबोच्या चाकावर तीन-तीन किलो भार असतो. धडक बसली की चाक जमिनीवर घसरते आणि गिअर वाचतो. हाताला घसरायची सोयच नाही. धक्का थेट गिअरबॉक्सच्या शेवटच्या चाकावर येतो. रेशो जेवढा मोठा, तेवढी मोटर उलटी फिरायला तयार नसते, म्हणून सगळा मार त्या एका दातावर. नखाएवढ्या धातूच्या गिअरमोटरी १०००:१ पर्यंत मिळतात. तिथे मोटर थांबण्याआधी दात जातात.

त्या टीमने पुढच्या स्पर्धेला केलेला उपाय आम्हाला फार आवडला. ५०:१ चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स घेतला आणि उरलेली चौपट बाहेर साखळीने, सांध्यावर मोठे चक्र बसवून मिळवली. आता ५० पैकी गिअरबॉक्सच्या वाट्याला येतात साडेबारा, आणि धक्क्याचाही चौथा हिस्साच. हात तरीही पाऊण-एक सेकंदात वर. प्लॅनेटरीत मधोमध 'सूर्य', भोवती बहुधा तीन 'ग्रह', त्यामुळे भार एका दाताऐवजी तिघांत वाटला जातो. महाग पडतो खरा, पण हाताला हाच घ्यावा.

"मग मंगळावर का चालतो मोठा आकडा?" हा प्रश्न आमच्या चिरंजीवांचा, आणि रास्त. १९९७ च्या जुलैत मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीच्या सहाही चाकांना २०००:१ चे गिअर होते. गाडी चाले सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर. पण तिथे धडक द्यायला कोणी येत नाही आणि शिट्टीही वाजत नाही. याउलट २००८ साली पुण्यात झालेल्या आशिया-पॅसिफिक 'रोबोकॉन'चा विषय होता चक्क गोविंदा. टांगलेल्या हंडीतले लोणी रोबोंनी काढायचे, तेही घड्याळाशी शर्यत लावून. तिथे सोजर्नरचा गिअर नेला असता तर लोणी वितळले असते.

धाकट्यांसाठी मात्र पिवळ्या प्लॅस्टिकची ४८:१ वाली मोटर खुशाल आणावी. दात तुटतील, तुटू द्यावेत. पिवळा डबा स्क्रूड्रायव्हरने उघडून कोणता दात गेला ते बघण्यात जे शिक्षण आहे, ते महागड्या किटमध्ये नाही.

मोठ्यांच्या टीमने गिअरबॉक्स घेताना त्याच रेशोचा एक जादा घ्यावा आणि स्पर्धेला जाताना तो गाडीत ठेवावा, घरी नव्हे. शाफ्टवरचा बारीक स्क्रू चपट्या बाजूवरच आवळलाय ना, हे प्रत्येक मॅचनंतर बघावे. आणि काका लोकांनी स्टँडमध्ये बसावे. बटाटेवडे आमच्याकडे असतात.