वालाच्या मुळाशी
भात कापले, की आमच्या कल्याणकडे उरल्या ओलीवर वाल टाकतात. युरियावाचून तो पोसतो कसा, असे एका डोंबिवलीकर स्नेह्यांनी विचारले. मी रोप उपटून मुळावरच्या गाठी दाखविल्या. त्यांतले रायझोबियम जंतू हवेतला नत्र धरून रोपाला भरवितात.

त्यांच्या हजारो जनुकांपैकी हे काम कोणाचे? १९७८ साली बेरिंजर आणि मंडळींनी त्यांत टीएन-५ हा उडता तुकडा सोडला. तो बसेल तिथला जनुक निकामी! त्याच्यासंगे कॅनामायसिन पचविण्याचा गुण येतो. त्या औषधात तगलेले जंतू वेचून एकेक रोपाला लावायचे. नत्राविना वाढविलेले रोप पिवळे पडले, की कारागीर सापडला.

असले उडते जनुक मॅक्लिंटॉकबाईंनी मक्यात दाखविले, तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. नोबेल मिळाले १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी!

स्नेही मात्र तेवढ्यात ते रोप कुंडीत लावायला घेऊन गेले.