पोराच्या सॅकमध्ये आपली भीती भरू नका

डीओएफईच्या एक्स्पिडिशनचे दिवस जवळ आले की यूकेतल्या आपल्या पालकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "बेस्ट सॅक कोणती? बेस्ट जॅकेट कोणतं?" एकजण अल्ट्रालाइट तंबूची लिंक टाकतो, दुसरा त्याहून महाग टाकतो. आणि ते आकडे बघून तिसऱ्या घरात ठरतं, "एवढा खर्च? राहू दे, फॉर्मच भरू नकोस." ही पोस्ट त्या तिसऱ्या घरासाठी आहे. पहिल्या दोघांनीही वाचा, थोडं लागेल.

ब्राँझ म्हणजे दोन दिवस, एक रात्र. सरावाची एक फेरी, मग खरी एक. एवढ्यासाठी १४ वर्षांच्या मुलाला एव्हरेस्टला निघाल्यासारखं सजवायचं कारण काय? तंबू आणि स्टोव्ह बहुतेक शाळाच देतात. सॅक, मॅटही पुष्कळ ठिकाणी उसन्या मिळतात. विकत घेण्याआधी शाळेला एक ईमेल करा. त्यात कसला आलाय कमीपणा?

आता वजन. भरलेली सॅक मुलाच्या वजनाच्या पाव हिश्श्यापेक्षा जड नको. मूल ४८ किलोचं असेल तर १२ किलो, तेही खाणंपिणं धरून. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो तिथेच गेले. तंबू-स्टोव्हमधला वाटा निघाला की उरतं किती? आणि आपण वर काय कोंबतो? जादा जीन्स, जाड टॉवेल, डिओचा कॅन, "असू दे गं" म्हणून दुसरा स्वेटर, अख्ख्या टीमला पुरतील एवढे थेपले. महागडी सॅक घेऊन अर्धा किलो वाचवायचा आणि आत तीन किलो काळजी भरायची, हा कुठला हिशोब? सगळं जमिनीवर मांडा आणि मुलालाच विचारा, यातलं काय काढायचं. नव्या खरेदीपेक्षा याने जास्त वजन उतरतं, आणि एक पेनीही लागत नाही.

खाण्याचंही तेच. टिन नकोत, कच्च्या डाळ-तांदळाची खिचडी नको, शिजेपर्यंत गॅस संपेल. भाजलेल्या रव्यात फोडणी, मीठ घालून पिशवी द्या. उकळतं पाणी घातलं, जरा झाकून ठेवलं की उपमा.

पैसे घालायचेच असतील तर बूट आणि पावसाचं जॅकेट, या दोन गोष्टींत घाला. डेकॅथलॉन, गो आउटडोअर्स, मिलेट्स, जे जवळ असेल तिथे मुलाला घेऊन जा. जाड मोजे घालून, शक्यतो संध्याकाळी बूट घालून बघायचे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. उतारावर अंगठा पुढे आपटला तर एक माप मोठं. लहान मापांच्या बुटांवर व्हॅट नसतो, म्हणून आधी मुलांच्या विभागात शोधा. जॅकेटवर "वॉटर रेझिस्टंट" लिहिलं असेल तर ठेवून द्या. "वॉटरप्रूफ" हवं, आणि आतून शिवणींवर टेप चिकटवलेली हवी. स्लीपिंग बॅगवर "एक्स्ट्रीम" तापमान मोठ्या अक्षरात असलं तरी "कम्फर्ट"चा आकडा बघा. सॅकच्या रेन कव्हरवर विसंबू नका, वाऱ्याने उडतं. आत एक जाड बिन लायनर घाला, काम झालं.

"इंडिया ट्रिपमध्ये घेऊ, स्वस्त पडेल" हेही थांबवा. डिसेंबरात घेतलेला बूट मे महिन्यात या वयाच्या पोराला होईलच असं नाही, आणि चावला तर परत कुठे करणार?

आणि "आम्ही अॅक्शनच्या बुटांवर राजगड-तोरणा केला, आम्हाला काही लागलं नाही" म्हणणाऱ्या बाबांनो, अभिमान बरोबर आहे, पण सह्याद्रीतला पाऊस भिजवतो, पीक डिस्ट्रिक्टमधला गारठवतो. कॉटन पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, अंगावर थंड पडतं. शाळेच्या पीईचा पॉलिस्टर टी-शर्ट आणि ट्रॅकपँट जीन्सपेक्षा कधीही बरी. ती घरातच आहे.

आपण या देशात दोन सूटकेसमध्ये संसार घेऊन आलो. काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे आपल्याला शिकवायला नको. मग पोराच्या बाबतीतच का अडतं? कारण त्याच्या पाठीवरची सॅक आपण आपल्या समाधानासाठी भरतो. ते पोर दोन दिवस नकाशा बघत, चिखल तुडवत, स्वतः शिजवून खाणार आहे. मिरवायला चाललेलं नाही.

तुमच्या लॉफ्टमध्ये मोठ्या मुलाची सॅक, लहान झालेले बूट, मॅट पडून असेल तर आज ग्रुपवर गाव आणि माप टाका. लिंक टाकण्यापेक्षा ते उपयोगी पडेल. तिसऱ्या घरातलं ते पोर कदाचित तुमच्याच गल्लीत राहत असेल.