उघडता येईल असा लॅपटॉप

बारावीचा निकाल लागला की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. दुकानात आपण किंमत, रंग, वजन पाहतो. बिघडला तर दुरुस्त होईल का, हे विचारायचे मात्र राहून जाते.

आज पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य बोर्डालाच कायमची जोडलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने २०२१ मध्ये उलट वाट धरली. तिच्या पहिल्या लॅपटॉपसोबत स्क्रू-ड्रायव्हरच दिला. बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन, रॅम घरच्या घरी बदलता येते. प्रोसेसर जुना झाला तर फक्त मुख्य बोर्ड बदलायचा. स्क्रीन आणि बॉडी तीच.

आपण तोच लॅपटॉप घ्यावा असे नाही, पण त्याची कसोटी कोणत्याही खरेदीला लावता येते. रॅमसाठी स्लॉट आहे का? एसएसडी, बॅटरी बदलता येते का? सुटे भाग मिळतात का? उत्तर मिळाल्यावरच पैसे मोजा.

प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. इसराफ म्हणजे केवळ ताटात टाकलेले अन्न नव्हे. एका बॅटरीपायी अडगळीत टाकलेला लॅपटॉप हाही इसराफच. त्यापायी नव्यासाठी व्याजाचे हप्ते मागे लागले, तर नुकसान दुहेरी. म्हणून मुलांना लॅपटॉप वापरायला शिकवताना तो जपायला आणि दुरुस्त करून घ्यायलाही शिकवू या.