काचेचा बूट नव्हे, यंत्राचा पाय! सिंड्रेलाची ही नवी गोष्ट का वाचावी?

रात्रीचे बारा, राजवाड्याच्या पायऱ्या आणि मागे राहिलेला बूट. सिंड्रेलाची ही गोष्ट आपण कार्टूनमध्ये तरी पाहिलेली असतेच. अमेरिकन लेखिका मरिसा मेयर यांच्या ‘सिंडर’मध्ये मात्र पायऱ्यांवर बूट राहत नाही, अख्खा पाय निखळतो.

(पुढे कथानकातले तपशील आहेत. काहीच कळू नये असं वाटत असेल, तर इथेच थांबा.)

२०१२ मध्ये आलेली ही कादंबरी ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणजे किशोर-तरुण वाचकांसाठीची. काळ भविष्यातला, शहर न्यू बीजिंग. १६ वर्षांची सिंडर सायबॉर्ग आहे, काही शरीर माणसाचं आणि काही यंत्राचं. बाजारात तिचा दुरुस्तीचा गाळा आहे. राजपुत्र काई बिघडलेला अँड्रॉइड घेऊन तिथे येतो, तेव्हा ती तोकडा झालेला जुना पाय काढून नव्याची वाट बघत बसलेली असते.

मग यात नवं काय?

शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या फ्रेंच कथेत मुलगी दिवसभर राबते, पण त्या कामाचे पैसे कुणाचे, हे कुणी विचारत नाही. मेयर नेमकं तेच विचारतात. इथे कायद्यानं सायबॉर्ग ही पालकाची मालमत्ता. गाळ्याची कमाई सावत्र आई एड्रीच्या हातात. सिंडर नवा पाय घेते, तर एड्री म्हणते, पैसे माझे होते, काढून दे. आणि पाय काढून द्यावा लागतो! साथीच्या रोगावरच्या प्रयोगांसाठी सायबॉर्ग नेले जातात, तिथेही एड्रीच तिला पाठवते. परीकथेतली सावत्र आई नुसती खाष्ट असते. हिच्या बाजूनं कायदा उभा आहे, म्हणून ती जास्त घाबरवते. माझ्या मते पुस्तकाची खरी ताकद इथे आहे, प्रेमकथेत नाही.

इंजिनिअरिंग केलेल्यांना आणखी एक गंमत सापडेल. भोपळ्याच्या रथाऐवजी इथे भंगारातली नारिंगी पेट्रोल गाडी आहे. परी वगैरे कुणी येत नाही, सिंडर स्वतःच ती दुरुस्त करते.

खटकतं काय?

दोन गोष्टी. हरवलेल्या बुटाची एक फार जुनी कथा चीनचीच आहे. ये-श्यान नावाच्या मुलीची ती गोष्ट नवव्या शतकात तिथे लिहून ठेवली गेली. गोष्ट बीजिंगमध्ये नेल्यावर हा धागा हाताशी होता, पण पुस्तकातलं चीन बरंचसं नावं आणि पोशाखापुरतं उरतं.

दुसरं म्हणजे सिंडरच्या जन्माचं रहस्य. जरा चलाख वाचक ते निम्म्या पुस्तकाआधीच ओळखतो. पण ते ओळखता येतं ही माझी तक्रार नाही. स्पॅनर हातात धरून पोट भरणाऱ्या मुलीला नायिका ठरवायला मोठं घराणं कशाला लागावं? मेकॅनिक म्हणून ती पुरेशी होती.

तरीही पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही. वाचायचं ठरवलंत तर ‘सिंडर’, ‘स्कार्लेट’, ‘क्रेस’, ‘विंटर’ हाच क्रम ठेवा. पुढच्या तिघींमध्ये अनुक्रमे लाल टोपीवाली मुलगी, रॅपुन्झेल आणि हिमगौरी भेटतात, आणि सिंडरची गोष्ट ‘विंटर’मध्येच पूर्ण होते.