मक्याचे पारखी आणि बाटलीचे भाबडे

आमच्या मोसम खोऱ्यातला माणूस मक्याच्या बाबतीत सहसा फसत नाही. नामपूरच्या बाजारात मका लिलावाला आला की घेणारा ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसतो, तळातला मूठभर दाणा वर काढतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा अजमावतो, नाकाशी नेऊन बुरशीचा वास येतो का ते पाहतो, आणि मगच बोली बोलतो. ट्रॅक्टर नवा की जुना, हे पाहून कोणी मक्याचा भाव ठरवल्याचे आम्ही ऐकलेले नाही. परंतु त्याच मक्याची व्हिस्की काचेच्या बाटलीतून अमेरिकेहून समोर आली, की हाच चोखंदळ माणूस एकाएकी भाबडा होतो. ‘केवढ्याची?’ हा त्याचा पहिला प्रश्न, आणि बहुधा शेवटचाही! उत्तर जितके मोठे, तितकी मान अधिक डोलते. या भाबडेपणाविरुद्ध आम्हाला चार शब्द बोलावयाचे आहेत.

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना आमचे उत्तर साधे आहे. भिंतीआड जे चालते त्यावर माजघरात बोलायचे नाही, या शिष्टाचारानेच घरोघर अज्ञान पोसले गेले. साखरपुड्याला, गृहप्रवेशाला आणि हो, दिवाळीलाही, हल्ली मिठाईच्या खोक्याशेजारी लाकडी पेटीतली बाटली येऊ लागली आहे. ती येतेच आहे, तर तिच्यात काय आहे आणि तिचे पैसे नेमके कशाचे, हे घरातल्या सर्वांना कळलेले बरे. जे पीत नाहीत त्यांनी पिऊ लागावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. हिशेब मात्र त्यांनीही वाचावा. कारण पैसे घरातूनच जातात.

बर्बन म्हणजे मूलतः मक्याची व्हिस्की. अमेरिकेच्या कायद्याने तिची व्याख्या फार काटेकोर केलेली आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. उरलेल्या भागात राय, गहू, जवाचा माल्ट असे काही. पात्र ओकच्या लाकडाचे, कोरे आणि आतून जाळून कोळसा केलेले. वरून रंग नाही, साखर नाही, सुवास नाही. बाटलीत मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी नाही. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बन ही त्या देशाची खास वस्तू असल्याचे जाहीर केले. म्हणजे दुसऱ्या देशात केलेल्या दारूला हे नाव लावता येत नाही. ही सारी बंधने उगाच आली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे रंग आणि अर्क मिसळून कोरी दारू जुनी म्हणून विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. त्यांना आळा घालण्यासाठी १८९७ साली ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा झाला: एकाच कारखान्याची, एकाच हंगामाची, सरकारी देखरेखीखाली किमान चार वर्षे पिपात मुरलेली आणि बरोबर ५० टक्के मद्यार्काची, असेल तरच ते शब्द छापता येतील. थोडक्यात, पारख कशी करावी हे बाटलीवरच छापून ठेवलेले आहे. आम्ही ते वाचत नाही. आम्ही किमतीची चिठ्ठी वाचतो.

आता त्या किमतीचाच हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मक्याला क्विंटलमागे २,४०० रुपये हमीभाव जाहीर केला. तो बाजारात पदरात पडतोच असे नाही, हे नामपूरकरांना आम्ही सांगायला नको. एका क्विंटल मक्यातून ३५ लिटरच्या आसपास शुद्ध मद्यार्क निघतो. त्यात पाणी घालून ४० टक्क्यांवर आणला तर पाऊण लिटरच्या शंभराहून अधिक बाटल्या भरतात. पिपात मुरताना वर्षावर्षाला काही भाग हवेत उडून जातो. तो सढळ हाताने वजा करून ऐंशीच बाटल्या धरू. म्हणजे बाटलीमागे मका झाला ३० रुपयांचा! बाटली दोन हजारांची असो की वीस हजारांची, दाणा एवढाच. बाकीचे पैसे पिपाचे, वर्षांचे, काचेचे, जहाजाचे, जाहिरातीचे, आणि आपल्या देशात सर्वांत ठळकपणे कराचे.

केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचे आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. नुसत्या एका सरकारी कागदाने बाटलीचा पडता खर्च बदलला. आतल्या दारूला त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या राज्याने तर किमतीच्या पायऱ्याच बांधून दिल्या. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने १८० मिलिलिटरच्या बाटलीच्या किमान किरकोळ किमती ठरवल्या: देशी दारू ८० रुपये, नवा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा प्रकार १४८, भारतीय बनावटीची विदेशी दारू २०५, आणि उंची विदेशी दारू ३६०. यातली गंमत पाहा. १४८ च्या पायरीवरची दारू धान्यापासूनच केली पाहिजे, अशी अट आहे. २०५ च्या पायरीवर ‘व्हिस्की’ म्हणून जे मिळते, ते मात्र उसाच्या मळीच्या मद्यार्कात थोडा माल्ट मिसळून केलेलेही असू शकते. युरोपात अशा द्रवाला व्हिस्की म्हणण्याची परवानगी नाही. म्हणजे पायरी वर गेली म्हणून वस्तू वर जातेच असे नाही. जो किमतीवरून प्रत ठरवतो, तो अबकारी खात्याच्या तक्त्याला चव समजतो.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय, स्वस्तातली स्वस्त घ्यायची?’ नाही. किमतीला एक तळ आहे आणि त्याखाली मरण आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. बेकायदा दारूत स्वस्ताई नसते, जुगार असतो. तेव्हा दुकान परवान्याचे, सील शाबूत, आणि घेणारा कायद्याने ठरलेल्या २५ वर्षांच्या वरचा. मुंबई दारूबंदी कायद्याने १९४९ पासून लावलेला पिण्याचा परवानाही जवळ असावा. हा तळ सांभाळला की मग वरच्या पायऱ्यांचा विचार.

परदेशी बाटल्यांच्या फळीवर बर्बनपैकी बहुधा सर्वांत खाली जिम बीमची पांढऱ्या चिठ्ठीची बाटली असते. तिला नाके मुरडण्याची फॅशन आहे. परंतु ती कोऱ्या जाळलेल्या पिपात चार वर्षे मुरलेली, केंटकीची ‘स्ट्रेट’ बर्बन आहे. ‘स्ट्रेट’ याचा अर्थ किमान दोन वर्षे मुरलेली. आणि चार वर्षांहून कमी असेल तर वय छापणे सक्तीचे. नवख्याने येथूनच आरंभ करावा आणि पुष्कळांनी येथेच थांबावे; त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या पायरीवर पैसे थोडे अधिक मोजावे, पण कशासाठी ते ठाऊक असावे. मेकर्स मार्क ही १९५८ साली बाजारात आलेली बर्बन घ्या. तिच्या बुचावरची लाल लाख ही मार्जी सॅम्युएल्स या मालकीणबाईंची कल्पना, दिसायला झोकदारच. पण अधिकचे पैसे लाखेसाठी द्यायचे नसतात. हिच्यात रायऐवजी गहू आहे. म्हणून तिखटपणा कमी आणि मऊपणा अधिक, आणि मद्यार्क ४५ टक्के. ज्याला मिरमिरीत चव हवी त्याने अधिक रायची बर्बन शोधावी. हा आवडीचा प्रश्न आहे, ऐपतीचा नव्हे. ‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द दिसले तर तेथे पैसे वाया जाण्याची भीती कमी. उलट ‘स्मॉल बॅच’ या शब्दांना तिकडच्या कायद्यात कसलाही अर्थ नाही. बॅच लहान म्हणजे किती लहान, हे छापणाऱ्याच्या मनावर!

तिसऱ्या पायरीवर वयाचा मोह सुरू होतो. स्कॉच बहुधा जुन्या, वापरलेल्या पिपात मुरते; म्हणून तिला वर्षे लागतात. बर्बनचे पीप कोरे आणि जळके. ते आपला रंग, व्हॅनिलासारखा सुवास आणि तुरटपणा झपाट्याने सोडते. चारापासून दहा-बारा वर्षांपर्यंत गोडी वाढते. पुढे पुष्कळदा लाकूडच जिभेवर येते. कैरीचे लोणचे मुरावे, पण फोडीचा लगदा होईपर्यंत नव्हे, हे आमच्या आजीबाईंना ठाऊक होते. पंधरा-वीस वर्षांच्या बर्बनवर हजारो रुपये उधळणाऱ्यांना ठाऊक नसते.

आणि चौथी पायरी म्हणजे शुद्ध वेड. पॅपी व्हॅन विंकल या नावाच्या बाटल्यांसाठी अमेरिकेत सोडती निघतात, मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजले जातात. तिच्याच कारखान्यात, बफेलो ट्रेसमध्ये, गव्हाच्या त्याच मिश्रणातून वेलर नावाची बर्बन होते. पिपे आणि वर्षे वेगळी, हे खरे. पण कितीतरी पटींचा तो फरक जिभेचा नाही, मिरवण्याचा आहे.

मग घेतलेल्या बाटलीचा आस्वाद घ्यावा कसा? यालाही पैसे लागत नाहीत. लहान पेला, ३० मिलिलिटरहून अधिक नाही. आधी नुसता वास. तोंड किंचित उघडे ठेवले तर नाकाला झोंबत नाही. भाजलेल्या कणसाचा, काकवीचा, कोऱ्या सुतारकामाचा वास ओळखीचा वाटला तर नवल नाही. मका आणि लाकूड दोन्ही तेथे आहेतच. मग चार थेंब पाणी आणि लहानसा घोट. बर्फ हवा तर खुशाल घ्या. पण महागडी बाटली कोकाकोलात बुडवून पिणाऱ्याने पहिल्या पायरीवरचीच घ्यावी. बुडताना सगळ्या सारख्याच. आणि पोट भरलेले असावे, गाडीची किल्ली दुसऱ्याकडे असावी.

सर्वांत मोठा आक्षेप आम्ही शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत खरा आहे. आमच्या गावोगावच्या बायांनी दारूने मोडलेली घरे पाहिली आहेत. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडली तर दुकान बंद होते, हा नियम त्यांच्या हाती आहे आणि तो असलाच पाहिजे. ‘त्यांच्यासमोर बर्बनच्या गोष्टी कसल्या सांगता?’ असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, त्यांच्यासमोरच सांगावयाच्या. देशी दारूचा गुत्ता वाईट आणि लाकडी पेटीतली बाटली प्रतिष्ठेची, हा भेद त्या बायांनी केलेला नाही; तो किमतीने भुललेल्या पुरुषांनी केलेला आहे. महाग पिणारा सभ्य आणि स्वस्त पिणारा दारुडा, हे खोटे आहे. मद्यार्क दोन्हीत तोच, यकृतही तेच. कांद्याने रडवलेल्या वर्षी पोराच्या साखरपुड्यात चारचौघांत दिसावी म्हणून उधारीवर आणलेली परदेशी बाटली घराला गुत्त्याइतकीच महाग पडते.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत अशी बाटली घरी येणारच असेल तर मागची चिठ्ठी मोठ्याने वाचा. घरातल्या बाईसमोर वाचा, किमतीसकट. धान्य कोणते, वर्षे किती, मद्यार्क किती, केली कोणी. परवडेल तीच घ्या, आवडेल तेवढीच ओता, आणि बूच लावून कपाटात ठेवा. उघडलेली बर्बन महिनोन्‌महिने टिकते. एका रात्रीत संपवली पाहिजे, असे तिच्या कुठल्याही चिठ्ठीवर छापलेले नाही.