श्रद्धेची झडती

ललितनिबंधांतील अध्यात्मभावनेची तुलना करावयास निघालेला मराठी समीक्षक बहुधा पहिल्याच पावलाला लेखकाची झडती घेऊ लागतो. हा आस्तिक की नास्तिक? भाविक की बुद्धिवादी? उत्तर हाती आले की निबंधातील वाक्ये त्याचे पुरावे म्हणून मांडली जातात. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे केव्हाच मान्य झाले. निबंधातल्या ‘मी’ला मात्र अजून कबुलीजबाबाच्या पिंजऱ्यात उभे केले जाते.

इरावती कर्वे आणि दुर्गा भागवत यांच्याबाबत ही पद्धत विशेष अपुरी ठरते. दोघींनी गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला. दोघींनाही वारकरी परंपरेने निबंधाचा विषय पुरवला. झडतीअंती दोघींना ‘डोळस श्रद्धा’ हे एकच प्रमाणपत्र मिळते. (ते इतके सोयीचे आहे की कोणालाही देता यावे.) तुलना तिथेच संपते.

‘वाटचाल’मध्ये श्रद्धा विधानांतून येत नाही, ती पंढरीच्या वाटेवरच्या चालण्यातून येते. पण त्याच दिंडीत अभंग एकत्र आणि ब्राह्मण-मराठ्यांची जेवणे वेगळी, हे शल्य निबंधाला टोचत राहते. ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही इरावतीबाईंची व्याख्या सर्वतोमुखी झाली. पंगतींचा तपशील मात्र तिच्याबरोबर फिरला नाही. वस्तुतः ती व्याख्या आणि ते शल्य एकाच निबंधात आहेत व एकमेकांना खोटे पाडू पाहतात. भक्तीने जोडलेला समाज जेवताना तुटतो, या जाणिवेसकट चालत राहणे हाच तेथील आध्यात्मिक अनुभव आहे. शल्य वगळून उरते ती केवळ भाविकता. ‘गंगाजल’मध्ये (१९७२) विठोबाला ‘बॉयफ्रेंड’ म्हणणेही नुसता खट्याळपणा नव्हे. भक्तीची रूढ नाती सोडून परक्या शब्दाचा आधार घ्यावा लागणे अर्थपूर्ण आहे.

‘पैस’ची (१९७०) जातकुळी निराळी. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानले जाते, त्या नेवाशाच्या खांबापासून दुर्गाबाई ‘पैस’ या शब्दाकडे, म्हणजे अवकाशाकडे जातात. दगड शब्दात आणि शब्द विस्तारात विरतो. माणसांची गर्दी मागे पडते. श्रद्धेला तिथे सोबती लागत नाहीत. हे अमूर्तीकरण ही निबंधाची सिद्धी आहे, की ‘वाटचाल’ने पत्करलेल्या अडचणीतून काढलेली सुटका? काही अंशी सुटकाच, असे म्हणणे भाग आहे. ‘चिंतनशील’ म्हणून गौरव करणाऱ्या समीक्षेला हा प्रश्न पडलेलाच दिसत नाही.

ललित लेखनाकडून समाजशास्त्राची अपेक्षा कशाला, असा आक्षेप यावर येईल. परंतु ही अपेक्षा बाहेरून लादलेली नाही. वेगळ्या पंगती इरावतीबाईंनीच निबंधात आणल्या. त्या गाळल्या आहेत समीक्षकांनी.